न्यायमूर्ती हिदायतुल्ला : न्यायासन ते राष्ट्रपतिपद



नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला एक विद्यार्थी पुढे देशाचा सरन्यायाधीश झाला आणि काही दिवस राष्ट्रपतीही. ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला. १९३० साली त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली. १९५४ मध्ये ते तेथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. हंगामी राष्ट्रपती झालेल्या उपराष्ट्रपती गिरींनी निवडणूक लढविण्यासाठी २० जुलैला राजीनामा दिला. अशा वेळी सरन्यायाधीशाने कारभार पाहावा, असा कायदा संसदेने मे महिन्यातच केला होता. त्यानुसार हिदायतुल्ला ३५ दिवस राष्ट्रपतिपदावर होते.

याच काळात, ९ ऑगस्टला, १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला त्यांनी संमती दिली. राष्ट्रपतीची ही सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. त्यात स्वतःच्या मताचा प्रश्न नसतो. पुढे तोच कायदा सर्वोच्च न्यायालयात आला. तेव्हा सरन्यायाधीश असूनही ते ११ न्यायाधीशांच्या त्या पीठावर बसले नाहीत. १० फेब्रुवारी १९७० रोजी पीठाने तो कायदा रद्द ठरविला.

१९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले.

मित्रांनो, परीक्षक स्वतःच्या मुलाचा पेपर तपासत नाही. तपासला तर गुण खरे असूनही लोकांचा विश्वास बसत नाही. उद्या तुमच्या हाती अधिकार येईल, तेव्हा बाजूला केव्हा व्हावे हेही ध्यानात ठेवा.