कुलगृहाचा शोध
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपले मूळ घर कोठले, हा प्रश्न आपल्या समाजात अजूनही लग्नाच्या बैठकीत विचारला जातो. उत्तर देणारा कोकणातील एखाद्या गावाचे नाव सांगतो आणि थांबतो. ते घर कोणी सोडले, का सोडले, आणि पुढील पिढ्यांचे बिऱ्हाड कोठकोठे फिरले, हे विचारले असता बहुतेकांस आजोबांच्या पलीकडे जाता येत नाही. हा शोध कसा घ्यावा, ते एका सुप्रसिद्ध घराण्याच्या उदाहरणाने सांगावे असा आमचा मानस आहे. ते घराणे म्हणजे नाना फडणिसांचे भानू घराणे होय.

भानूंचे मूळ गाव बाणकोटजवळचे वेळास. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर आले, तेव्हा भानू बंधूही त्यांच्या सोबतीने निघाले. १७१३ साली बाळाजीपंतांस पेशवेपद मिळाले आणि भानूंच्या घरात फडणिशी आली. त्या बंधूंपैकी बाळाजी महादेव हे नानांचे आजोबा. नानांचे नावही बाळाजीच, बाळाजी जनार्दन. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत वंशावळ लिहिणाऱ्यास फार चकवते. म्हणून कागदात नाव सापडले की प्रथम बापाचे नाव पाहावे, हा पहिला धडा.

दुसरा धडा असा की, घर सुटले तरी नाते सुटत नाही. नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला, कारकीर्द पुण्यात गेली. तथापि वेळासच्या देवालयांकडे त्यांनी लक्ष पुरविले. पुण्यात शनिवारवाड्यानजीक त्यांनी १७८० च्या सुमारास वाडा बांधला. त्याच नानावाड्यात पुढे अनेक वर्षे मुलांची शाळा भरली. वाईजवळचे मेणवली गाव त्यांस १७६८ साली मिळाले. तेथे कृष्णाकाठी त्यांनी वाडा, घाट आणि देवालये उभारली.

आता महत्त्वाचा भाग. १३ मार्च १८०० रोजी नाना निवर्तले. पुत्र नव्हता. मागे राहिली जिऊबाई, वयाने अगदीच लहान. पुण्यात दौलतीची लूट चाललेली, सत्ता डळमळीत. अशा काळात ही मुलगी लोहगडावर राहिली, १८०३ नंतर इंग्रजांच्या आश्रयास गेली, तनखा मिळवून अखेर मेणवलीस येऊन राहिली आणि दत्तक घेऊन तिने घर पुढे चालविले. मेणवलीच्या वाड्यात जपलेले दप्तर पुढे पारसनिसांच्या संग्रहाबरोबर पुण्यास डेक्कन कॉलेजात आले आणि अभ्यासकांस उपलब्ध झाले. ज्या घराचा दिवा एका बालविधवेने राखला, त्या घराच्या वंशावळीत तिचे नाव पतीच्या चौकटीखाली बारीक अक्षरात असावे, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. आपल्या बहुतेक कुलवृत्तांतांत मुलींची व सुनांची हीच गत आहे. पुढील आवृत्तीत सुनांचे माहेर, मुलींचे सासर आणि त्यांचे कर्तृत्व नोंदविले जावे, ही आमची पहिली विनंती.

आपणांपैकी पुष्कळांची घरे इतकी मोठी नव्हती. तरी मार्ग तोच आहे. आधी पुण्याच्या घराचा सिटी सर्व्हेचा उतारा, मग गावचा सातबारा व जुने फेरफार, मग नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांची नामावळी, आणि शेवटी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर. हातातल्या नोंदीवरून मागे जावे. ऐकीव कथेवरून पुढे येऊ नये. जुने कागद मोडीत आहेत, म्हणून घरातील एकाने तरी मोडी शिकावी. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच शहरात आहे; तेथे जाण्यास आपणांस फार तर रिक्षा लागेल.

दिरंगाई मात्र परवडणारी नाही. १९४८ च्या जाळपोळीत कित्येक घरांची दप्तरे राख झाली; १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले व पेट्या वाहून गेल्या. ती संकटे बाहेरून आली होती. आज पेठांतील वाडे आपणच सह्या करून पाडावयास देत आहोत. सदनिका घेणे हा काही अपराध नव्हे. जिने झिजलेल्या, तुळया वाकलेल्या घरात म्हाताऱ्यांनी राहावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वाडा रिकामा करताना माळ्यावरचे रुमाल रद्दीवाल्याच्या तराजूत जातात, ते कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

म्हणून दुसरी विनंती. पुढील वर्षीच्या संमेलनास प्रत्येक घराने एक जुना कागद आणावा. सनद नसेल तर लग्नाचा याद्यांचा कागद, तोही नसेल तर आजीने सांगितलेली नावे लिहून आणावीत. कुलाचा अभिमान मिरवावा म्हणून हे नव्हे. ज्यांनी घर सोडून आपणांस वाढविले, त्यांची नावे तरी आपणांस ठाऊक असावीत, एवढ्यासाठीच.