बॉयकॉट: आडनावाचं झालेलं क्रियापद

‘बॉयकॉट’ हे इंग्रजी क्रियापद मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली खंडाच्या वादातून त्यानं कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. त्याआधी काही दिवसच आयरिश नेते पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं: अन्याय करणाऱ्याला मारू नका, त्याच्याशी सगळे संबंध तोडा.

लोकांनी तेच केलं. शेतमजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढायला बाहेरून पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी शेकडो सैनिक! पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च या बंदोबस्तावर झाला. वर्ष संपायच्या आत बॉयकॉटनं आयर्लंड सोडलं.

संबंध तोडण्याच्या या कृतीला शेतकऱ्यांच्या तोंडी बसेल असं नाव हवं होतं. अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या सांगण्यानुसार, फादर जॉन ओमॅली यांनी ‘बॉयकॉट करणं’ हा शब्द सुचवला. तो लवकरच फ्रेंच आणि जर्मनमध्येही गेला. आपल्याकडे वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला, तो याच अर्थानं.

इंग्रजीत एखाद्या मालावर, निवडणुकीवर किंवा सभेवर बॉयकॉट होतो. मात्र नुसतं न जाणं म्हणजे बॉयकॉट नव्हे. त्यामागे जाहीर निषेध हवा, आणि माझ्या मते या शब्दाचं खरं बळ अनेकांनी मिळून नकार देण्यात आहे.