पाटीच्या आधी परात
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेली मांडणी)



आज वसुली, व्याज, बँकेचा हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते तुमच्या मांडीवर आणि पदराआड बसलेल्या छोट्या मंडळींबद्दल. वय वर्षं एक ते सहा. तुम्ही म्हणाल, हिचं अजून लग्न नाही, ही आम्हाला लेकरं सांभाळायला शिकवणार? नाही शिकवत. तुमच्याच घरातल्या वस्तू तुमच्यापुढे मांडते, एवढंच.

कर्जमागणीच्या अर्जात आता 'नर्सरीची फी' हे कारणही दिसायला लागलंय. शिक्षणासाठी पैसा लावणं वाईट नाही. पण तीन वर्षांचं लेकरू अजून एबीसीडी लिहीत नाही, या भीतीपोटी कर्ज काढू नका. लिहायला आधी बोटांत जोर लागतो, मनगट वळावं लागतं, डोळा आणि हात जोडीने चालावे लागतात. ती तयारी मळण्याने, चिमटीत धरण्याने, ओतण्याने, फाडण्याने होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं, असंच सांगितलंय.

आपल्याकडे हे नवं नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे त्या दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, पाड्यांवरच्या मुलांपर्यंत पोचल्या. महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच त्यांची साधनं झाली. आपण तेच करायचंय, आपल्या ओट्यावर.

पहिलं, कणीक. तुम्ही भाकरी-चपातीला बसलात की लेकराला लिंबाएवढा गोळा द्या. थापू दे, वळू दे, साप करू दे. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी एक वाटी कणकेत अर्धी वाटी मीठ आणि थोडं तेल घालून मळलं, तर गोळा डब्यात चार दिवस टिकतो. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मिठाचा गोळा खायचा नाही, हे मात्र बजावून सांगा.

दुसरं, परात. चाळलेली वाळू किंचित ओली करून परातीत पसरा. बोटाने रेघ, गोल, सूर्य, घर. चुकलं तर हात फिरवला की पुसलं. अक्षराच्या आधी रेघ यावी लागते, ती इथे येते.

तिसरं, चिंध्यांची पिशवी. गोधडीचा तुकडा, खणाचा, जुन्या साडीच्या काठाचा, स्वेटरचा, गोणपाटाचा, प्रत्येकी दोन-दोन. डोळे मिटून हात घालायचा आणि जोडी शोधायची. शोधताना तुम्ही बोला: हे खरखरीत, हे मऊ, हे गुळगुळीत, हे टोचतंय. शब्द असे हाताबरोबर आले की पक्के बसतात.

चौथं, वास. लसूण, कोथिंबीर, लिंबाचं पान, भाजलेलं जिरं. डोळे मिटून ओळखायचं. भाजी निवडता निवडता होतं.

पाचवं, ठसे. भेंडीचा देठाकडचा भाग कापून गेरूच्या पाण्यात बुडवा, कागदावर फूल उमटतं. आणि पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीचा किल्ला विसरू नका. वर्षातून एकदा कशाला? माती बारा महिने आहे.

आता नीट ऐका. तीन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, बटणं द्यायची नाहीत. नाका-कानात जातात, घशात अडकतात. एरंडी, धोतरा, गुंजा यांच्या बिया विषारी आहेत. लाल-काळी गुंज दिसायला कितीही गोड असली तरी खेळात नको. फवारणीच्या औषधाचा डबा, बाटली, झाकण, कितीही धुतलं तरी नाही. आणि पाण्याशी खेळताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. बादलीभर पाणीसुद्धा लहानग्याच्या जिवावर बेतू शकतं.

मोबाईलचं बोलू? मला माहितीये, तुम्ही तो हौसेने देत नाही. चूल, गोठा, रान, त्यात समूहाची वही. लेकरू गप्प बसावं म्हणून देता. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय, की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाच्या आतच. मोबाईल बोलतो, पण लेकराने विचारलेल्या 'हे काय?'ला उत्तर देत नाही. ते उत्तर माणूसच देतो.

आणि तो माणूस दरवेळी आईच का? आजोबा ओसरीवर असतात, बाबा संध्याकाळी घरी असतात. चिंध्यांची पिशवी त्यांच्या हातात द्या. हे आणखी एक काम तुमच्या डोक्यावर टाकायला मी आलेली नाही.

माझं मागणं एकच आहे. प्रत्येक समूहाने एक खेळ-पिशवी तयार करावी. दहा जणींनी एकेक चिंधी, एकेक झाकण, एक जुनी परात आणली की झालं. पैसा लागत नाही. बैठकीच्या दिवशी पिशवी कोपऱ्यात उघडायची आणि एकीने आळीपाळीने लेकरांजवळ बसायचं. तुमचा हिशोबही शांततेत होईल. अंगणवाडी ताईंनाही बोलवा, कुठलं लेकरू काय करतंय हे त्यांना दिसेल. एखादं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, वस्तू धरत नसेल, तर घरच्या घरी दोष न देता त्यांच्याशी आणि आशाताईंशी लवकर बोला.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत बचत, कर्ज यांच्याखाली एक ओळ वाढवा: खेळ-पिशवी. ठराव वहीत लिहा, सह्या करा. मी बघायला येणार आहे, आणि खाली मांडी घालून खेळायलाही.