बसलेला मोहरा आधी उठवा

(मंडळाच्या बालगट बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस समारंभातील भाषण)



मी काही मोठा खेळाडू नाही. सरकारी नोकरी सांभाळून मंडळात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे.

मूल डाव खेळून आले की आपण विचारतो, "किती मारलेस?" त्याच्या मनात तेच बसते. मग फुकटचे प्यादे दिसले की वजीर धावत सुटतो. घोडे, उंट, हत्ती घरीच बसलेले असतात. प्यादे मिळते, पण वजिराला जायला एक चाल आणि सुटून यायला एक-दोन चाली लागतात. तेवढ्यात समोरच्याचे दोन-तीन मोहरे आपल्या राजाच्या दारात उभे राहतात.

१८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेला एक डाव मी मुलांना नेहमी दाखवतो. पांढऱ्याकडून अमेरिकेचा २१ वर्षांचा पॉल मॉर्फी. काळ्याकडून ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे आपसांत सल्लामसलत करून खेळत होते. आठव्या चालीला मॉर्फीच्या वजिराला बी-७ वरचे प्यादे मारता येत होते. मारणे चूक नव्हते. पण काळ्याने वजिराचा शह देऊन वजिरांची मारामारी केली असती आणि डाव लांबला असता. मॉर्फीने प्यादे सोडले आणि दुसरा घोडा बाहेर काढला. पुढच्या चालीला उंट काढला. मग घोडा दिला. नंतर किल्लेकोट करताच हत्ती मोकळ्या पट्टीवर आला. त्यानंतर त्याने हत्ती दिला, शेवटी वजीरही दिला आणि १७व्या चालीला मात केली!

त्या वेळी मॉर्फीकडे प्यादी सोडून एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. समोर वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळे होते. पण त्यातला हत्ती आणि उंट पूर्ण डावात जागचे हललेच नव्हते. पटावर असून नसल्यासारखे!

हा मोह मोठमोठ्यांनाही होतो. १९७२ च्या रेक्याविकच्या जागतिक लढतीत, अकराव्या डावात बॉबी फिशरच्या वजिराने बी-२ वरचे प्यादे खाल्ले. पुढे स्पास्कीने तो वजीरच कोंडून मारला आणि डाव जिंकला.

याचा अर्थ फुकटचे कधीच घेऊ नये असा नाही. आपले मोहरे बाहेर आले असतील, राजा सुरक्षित असेल आणि मारणाऱ्याला परतीची वाट असेल, तर खुशाल घ्या. नाहीतर मारण्याआधी स्वतःला विचारा, "माझा कोणता मोहरा अजून बसून आहे?" आधी त्याला उठवा.

आज जे हरले, त्यांनी डोळे पुसा. घरी गेल्यावर डाव पुन्हा मांडा आणि दहाव्या चालीपर्यंत आपले किती मोहरे बाहेर आले होते ते मोजा. बहुतेकांना उत्तर तिथेच सापडेल.

आणि पालकांना हात जोडून विनंती. उद्यापासून मुलांना "किती मारलेस?" असे विचारू नका. "सगळ्यांना खेळायला घेतलेस ना?" असे विचारा. पुढच्या गणपतीत याच सभागृहात फरक दिसेल.

गणपती बाप्पा मोरया!