पडलेली तार मेली असे समजू नका



आपल्या चिकलठाण्यात एकीकडे कारखाने, एकीकडे शेते. दोन्हींकडे ११,००० व्होल्टच्या तारा जातात. वादळात एखादी तुटून खाली पडते. आपण म्हणतो, "फ्यूज उडाला असेल, आता वीज कुठली?" पण नेहमी तसे होत नाही.

फ्यूज कधी उडतो? तारेतून फार वीज वाहिली म्हणजे. वाळलेला मुरूम किंवा डांबरी रस्ता विजेला नीट वाट देत नाही. तिथे वीज थोडीच झिरपते. ओल्या गवतावरही ५० अँपिअरच्या आसपास. एवढी वीज तर गिरण्या आणि मोटारी रोजच ओढतात. मग उपकेंद्रातल्या यंत्राला चोर कोण, साव कोण, कसे कळावे?

आता नवी यंत्रे निघाली आहेत. पडलेल्या तारेची ठिणगी तडतडते, तशी वीज थरथरते. ती थरथर ही यंत्रे ओळखतात. पण दर वेळी नाही. म्हणून खरे पहारेकरी आपणच.

तार पडलेली दिसली की ३० फूट दूर थांबा. गुरे-लेकरे आवरा. काठीनेही शिवू नका. १९१२ वर फोन करा. चुकून जवळ गेलाच, तर पाय जुळवून, पाऊल न उचलता, सरकत मागे या. लाईनमन "वीज बंद केली" म्हणेपर्यंत तार जिवंतच समजा.