संगणक अडला म्हणजे

शिवणयंत्र अडले तर घरची बाई प्रथम दोरा पाहते, मग बॉबिन काढून पाहते, मग सुई बदलते. आणि एवढे करूनही टाका पडला नाही, तरच कारागिराला निरोप धाडते. सायकलची साखळी उतरली म्हणून कोणी सायकल मोडीत काढीत नाही. परंतु टेबलावरचा संगणक अडला की हीच शहाणी माणसे गांगरतात. पडदा गोठला की चार कळा एकदम दाबतात, माऊस आपटतात आणि शेवटी यंत्र रिक्षात घालून दुकानात नेतात. तेथे दुकानदार म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' यजमान मान डोलावतात. सायंकाळी यंत्र नव्यासारखे चालू होऊन घरी येते, आणि मग ध्यानात येते की मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, वाचनालयाची वर्षानुवर्षे जुळवीत आणलेली ग्रंथयादी किंवा शाळेचे निकालपत्रक, यांपैकी काहीच त्यात उरलेले नाही.

हा प्रसंग टाळण्यास यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. संगणकात दोन निराळ्या वस्तू शेजारी शेजारी नांदतात, एवढे उमगले तरी पुरे. एक वस्तू म्हणजे कार्यप्रणाली. बहुतेक घरांत ती विंडोज या नावाची असते. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, छपाईयंत्राला हुकूम देणे, फाईल जागच्या जागी ठेवणे, हा सारा कारभार ती पाहते. दुसरी वस्तू म्हणजे मालकाने स्वतः लिहिलेली, जमविलेली कागदपत्रे. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर पहिली कारकुनाच्या जागी आहे आणि दुसरी दप्तराच्या. कारकून आजारी पडला तर दुसरा आणता येतो. विंडोज कोट्यवधी यंत्रांत सारखीच असते, ती पुन्हा बसविता येते. दप्तराची मात्र दुसरी प्रत जगात कोठेही नसते. फॉरमॅट करणे म्हणजे कारकुनाला ताप आला म्हणून दप्तरासकट कचेरी धुऊन काढणे होय. क्वचित तेही करावे लागते; पण दप्तर आधी बाहेर काढून.

म्हणून संगणक कण्हत-कुथत का होईना, चालू होत असेल, तर दुसरा कोणताही उपाय करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाईलींची नक्कल पेन ड्राइव्हवर अथवा बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर घ्यावी. ज्याच्या हाती नक्कल आहे, त्याला पुढचे सर्व उपाय निर्धास्तपणे करता येतात.

उपायांत पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे: बंद करून पुन्हा चालू करणे. त्याची थट्टा होते, पण त्यामागे कारण आहे. दिवसभर चाललेल्या यंत्राच्या स्मृतीत अर्धवट सोडलेल्या कामांची अडगळ साचते, एखादा कार्यक्रम घेतलेली जागा परत करीत नाही, आणि नव्याने सुरुवात झाली की ही अडगळ एकदम निघून जाते. तथापि येथे एक खुबी आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून 'शट डाउन' केल्यावर यंत्र पूर्णपणे विसावत नाही. सकाळी लवकर उठता यावे म्हणून ते कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालू लागते. म्हणजे कालचा बिघाडही त्याबरोबर उचलला जाण्याचा संभव असतो. 'रिस्टार्ट' केले असता मात्र सर्व काही पहिल्यापासून उभे राहते. ही जलद उठण्याची सोय बहुतेक यंत्रांत आधीपासूनच चालू असते. तेव्हा रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या गृहस्थाने 'बंद करून पाहिले, उपयोग झाला नाही' असे म्हणण्यापूर्वी एकदा 'रिस्टार्ट' करून पाहावे.

काम करता करता पडदा गोठला, तर प्रथम चार-पाच मिनिटे वाट पाहावी. पुष्कळदा यंत्र थिजलेले नसते, एखाद्या मोठ्या कामात गढलेले असते. तरीही हालचाल नसेल तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबाव्यात. या त्रिकुटाचा इतिहास मौजेचा आहे. आयबीएम कंपनीचा पहिला घरगुती संगणक १९८१ साली बाजारात आला. तो तयार करणाऱ्या मंडळींपैकी डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने वारंवार अडणारे यंत्र चटकन पुन्हा सुरू करता यावे म्हणून ही युक्ती योजिली, आणि कोणाच्या हातून ती चुकून दाबली जाऊ नये म्हणून कळा दूर दूरच्या निवडल्या. ती होती कारागिरांच्या सोयीसाठी. जगभर पोहोचली ती लोकांच्या अडचणीमुळे! आता या तीन कळांनी यंत्र लगेच बंद पडत नाही. एक पडदा उघडतो आणि त्यातून 'टास्क मॅनेजर' गाठता येतो. तेथे जो कार्यक्रम उत्तर देत नाही असे दिसेल, तेवढाच निवडून बंद करावा. त्यातील न साठविलेले लिखाण जाईल, बाकीचे वाचेल.

हाच टास्क मॅनेजर संगणक मंद का झाला, याचाही पत्ता देतो. मंदपणा ही सर्वांत सार्वत्रिक तक्रार आहे आणि तिचे निदान बहुधा 'व्हायरस' असे केले जाते. प्रत्यक्षात विषाणूपेक्षा साधी कारणेच अधिक आढळतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो. कार्यप्रणालीला स्वतःच्या तात्पुरत्या कामासाठी मोकळी जागा लागते. ती एक दशांशाहून कमी उरली की ड्राइव्हच्या चित्राखालील पट्टी लाल होते. कित्येक लोक फाईल पुसतात, पण ती कचरापेटीत तशीच पडून राहते आणि पेटी रिकामी करीपर्यंत जागा सुटत नाही, हे त्यांना माहीत नसते. दुसरे कारण म्हणजे यंत्राबरोबर आपण होऊन सुरू होणारे कार्यक्रम. नवीन काही बसविले की ते दारात उभे राहावयाची परवानगी न विचारता घेते. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप'च्या यादीत असे अनोळखी पाहुणे दिसतात, आणि नको असलेल्यांना तेथेच थांबविता येते. तिसरे कारण म्हणजे जुन्या पद्धतीची, तबकडी फिरणारी हार्ड डिस्क. काही विशेष काम चालू नसतानाही डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर खिळलेला दिसला, तर दोष तेथे शोधावा. तिच्या जागी हलते भाग नसलेली एसएसडी बसविली की जुना संगणक ओळखू न येण्याइतका चपळ होतो. संगणक 'स्वच्छ' व 'वेगवान' करून देण्याच्या जाहिराती करणारे फुकट कार्यक्रम मात्र दूर ठेवावेत. ते स्वतःच दारातल्या गर्दीत भर घालतात.

आता अशा काही तक्रारी, ज्यांत संगणकाला काहीच झालेले नसते. बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो आणि घरात घबराट होते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती काही वर्षांपूर्वीची असेल तर प्रश्न सुटला. संकेतस्थळाच्या ओळखपत्राला आरंभाची व अखेरची तारीख असते. घड्याळ चुकले की खरे ओळखपत्रही यंत्राला खोटे वाटते. तारीख दुरुस्त केली की काम भागते. प्रत्येक सकाळी ती पुन्हा मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढी बॅटरी संपली, असे समजावे. सीआर २०३२ हा तिचा क्रमांक. घड्याळजीकडेही ती मिळते.

दुसरी तक्रार खास मराठी घरांतील आहे. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र तो नाकारते. कोणीतरी आदल्या दिवशी मराठी पत्र टंकित केलेले असते आणि कळफलक मराठीतच राहिलेला असतो. ठिपक्यांआड कोणते अक्षर उमटले ते दिसत नाही. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. कॅप्स लॉकचा दिवाही त्याच वेळी पाहावा.

तिसरी याहून गंभीर आहे, कारण तिच्यापायी चांगली कागदपत्रे पुसली जातात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी फाईल उघडावी तो रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी समोर येते. फाईल 'खराब झाली' असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः ती शाबूत असते. श्रीलिपीसारख्या त्या काळच्या पद्धतींत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असत. तो फॉन्ट यंत्रात नसला की मूळचे रोमन रूप उघडे पडते. १९९१ साली युनिकोड ही संकेतपद्धती प्रसिद्ध झाली, तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीत देवनागरी आली, तिच्याबरोबर 'मंगल' हा फॉन्टही आला. त्याचे आरेखन कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे. तेव्हा इंदूर, बडोदे किंवा बेळगाव येथील एखाद्या मंडळाच्या जुन्या अहवालांची फाईल अशी दिसली तर ती मुळीच पुसू नये. जुना फॉन्ट मिळवून बसवावा, अथवा रूपांतर करणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

खरा कठीण प्रसंग म्हणजे संगणक उठतच नाही तो. निळा पडदा येतो (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा केला आहे), त्यावर एक सांकेतिक शब्द असतो, आणि यंत्र पुन्हा पुन्हा तेथेच येऊन थांबते. तो शब्द प्रथम उतरून घ्यावा किंवा भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र काढावे. दुरुस्ती करणाऱ्याला तो रोग्याच्या नाडीसारखा उपयोगी पडतो. आदल्या दिवशी काय बदलले, कोणता कार्यक्रम बसविला, कोणते नवे यंत्र जोडले, हेही आठवावे. बाहेरची सर्व जोडणी, पेन ड्राइव्हसुद्धा, काढून पाहावी. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. त्यात नुकतीच बसलेली सुधारणा काढून टाकण्याची सोय आहे, आणि 'सेफ मोड'ही आहे. या अवस्थेत कार्यप्रणाली अगदी आवश्यक तेवढेच मदतनीस घेऊन उठते. त्यामुळे बाहेरच्या एखाद्या कार्यक्रमाचा दोष असेल तर तो बाजूला राहतो आणि हाताने काढून टाकता येतो.

या साध्या उपायाची किंमत जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने धाडलेली एक सदोष फाईल सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांत शिरली आणि ते एकामागून एक निळे पडले. विमानतळ, बँका, रुग्णालये खोळंबली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये उठवून ती एक फाईल पुसणे. एवढेच, पण ते पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून करावे लागले. फॉरमॅटची गरज नव्हती. आणखी एक अडचण मात्र निघाली: ज्या संगणकांची डिस्क कुलूपबंद होती, त्यांनी आत जाऊ देण्यापूर्वी ४८ अंकांची किल्ली मागितली, आणि ती कोठे ठेवली हे अनेकांना सापडेना. आजच्या कित्येक घरगुती संगणकांतही हे बिटलॉकरचे कुलूप असते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते. यंत्र धडधाकट असतानाच ती पाहून कागदावर उतरून ठेवावी.

एका पडद्यावर मात्र कोणताही उपाय करू नये. मोठा भोंगा वाजतो, संगणकात विषाणू शिरल्याचे लिहून येते आणि ताबडतोब अमुक क्रमांकावर दूरध्वनी करा, असे बजावले जाते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. ती खिडकी बंद करावी, न झाल्यास यंत्र बंद करावे. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे. त्यामुळे कार्यप्रणाली नव्याने बसविण्याचा प्रसंग अनेकांवर येईल. विंडोजच्याच 'रीसेट' या सोयीत दोन वाटा असतात: एक फाईली ठेवून, दुसरी सर्व काही काढून. कोणती निवडली हे दोनदा वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. दुकानात द्यावयाचे झाल्यास, 'आधी सगळा डेटा काढून द्या, मग हात लावा' असे स्पष्ट सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. विंडोज उठत नसली तरी कागदपत्रे बहुधा डिस्कवर सुखरूप असतात. कारागीर डिस्क सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडतो, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाईली उतरवून घेतो. कुलूप असेल तर तेथे ती ४८ अंकी किल्ली लागते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक प्रयत्नागणिक तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. वीज तोडून डिस्क तशीच डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराच्या हाती द्यावी.