ठासणीच्या गोळीचा वेग

श्रोत्यांनीं एक साधा हिशेब मनाशीं करून पाहावा. अंधेरी स्थानकापासून बोरिवली स्थानकापर्यंत लोहमार्गाचें अंतर सुमारें साडेसात मैल भरतें. लोकलगाडीला त्यासाठीं वीसेक मिनिटें लागतात. ठासणीच्या बंदुकीची गोळी नळीबाहेर पडते त्या वेळीं तिचा वेग सेकंदाला १६०० फुटांच्या आसपास असूं शकतो. हा वेग कायम टिकला, तर तेंच अंतर ती २५ सेकंदांच्या आंत तोडील. पण तो टिकत नाहीं. आणि किती झपाट्यानें ओसरतो, हें मोजमाप होईपर्यंत कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

१७३७ सालीं मराठी फौजांनीं साष्टी बेटावर स्वारी केली. आजचीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर हीं सारीं त्याच बेटावरचीं. १७३९ सालीं वसईचा किल्ला पडला. त्या मोहिमेंतील बंदुका तोंडाकडून भरावयाच्या : आधीं दारू, मग गोळी, आणि शेवटीं गजानें ठासणें. अनुभव दोन्ही पक्षांजवळ दांडगा होता; पण गोळी किती वेगानें जाते हें सांगणारें साधन कोणाजवळच नव्हतें. पल्ला अपुरा पडला, तर दारू वाढवावी, हाच सहज सुचणारा उपाय.

त्यानंतर तीनच वर्षांनीं, १७४२ सालीं, बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञानें गोळीचा वेग मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाचें मंद गतींत रूपांतर करावयाचें, ही त्यांतील युक्ति. सुमारें ५६ पौंडांचा लंबक टांगून त्याच्या लांकडी फळीवर गोळी झाडावयाची. गोळी आंत रुतली कीं लंबक मागें झुलतो, आणि त्याला जोडलेली फीत किती ओढली गेली यावरून झोका मोजतां येतो. गोळीचें वजन पौंडाचा बारावा हिस्सा. म्हणजे लंबक तिच्याहून सुमारें पावणेसातशेंपट जड. झोक्याची गति साधारण तेवढ्याच पटीनें कमी. बाकीचें काम गणिताचें.

उत्तर आलें तें असें : बंदुकीपासून २५ फुटांवर वेग सेकंदाला १६७० फूट, ७५ फुटांवर १५५०, आणि १२५ फुटांवर १४२५. अवघ्या शंभर फुटांत सातवा हिस्सा वेग नाहींसा! हवेचा अडथळा गोळीच्या वजनाच्या सुमारें १२० पट निघाला. शिशाच्या जड गोळीला हवा काय अडविणार, ही समजूत तेथेंच कोसळली. हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंदीच्या कामासाठीं हिंदुस्थानांत आला व १७५१ सालीं कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला.

आज लंबकाचें काम क्रोनोग्राफ हें यंत्र करतें. त्याच्या एका नेहमींच्या प्रकारांत प्रकाशाचे दोन पडदे ठराविक अंतरावर असतात. गोळीनें पहिला ओलांडला कीं घड्याळ सुरू होतें, दुसरा ओलांडला कीं थांबतें. पडद्यांमध्यें ४ फूट अंतर असेल आणि वेग १६०० फूट असेल, तर मधला काळ सेकंदाचा चारशेंवा भाग. अंतर मांडतांना अर्ध्या इंचाची चूक झाली, तरी उत्तर सोळा-सतरा फुटांनीं चुकतें.

ठासणीच्या बंदुकीची खोड आणखी निराळी. तिच्या तोंडांतून गोळीबरोबर धूर, जळते कण आणि गोळीभोंवतीं गुंडाळलेलें कापडही बाहेर पडतें. यंत्र फार जवळ ठेवलें, तर तें धुरालाच गोळी समजतें. म्हणून तें दहा-पंधरा फूट पुढें मांडतात, आणि मिळालेला वेग तोंडाजवळचा नसून त्या अंतरावरचा आहे, अशी नोंद ठेवतात.

शिवाय एका बारावरून कांहींच ठरत नाहीं. गजाचा दाब कमी-अधिक झाला, नळींत काजळी सांचली, दारूला पावसाळी हवेचा ओलावा लागला, कीं प्रत्येक बार वेगळा आंकडा दाखवितो. दहा बारांची सरासरी पाहावी. पण सर्वांत जलद व सर्वांत मंद बारांमधील तफावत अधिक बोलकी असते. ती मोठी निघाली, तर दोष भरण्याच्या रीतींत शोधावा.

कोंकणांत पिकांच्या राखणीसाठीं परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. राखणदाराजवळ क्रोनोग्राफ नसेल. पण त्यानें सांगितलेली गोष्ट त्याच्याही उपयोगाची आहे. दारू अंदाजानें न घेतां मापानें घ्यावी आणि गोळी तळाशीं दारूला भिडेपर्यंत ठासावी. चिमूटभर जादा दारूनें मिळालेला वेग हवा थोड्याच अंतरांत गिळून टाकते. नळीवरचा ताण मात्र बंदूक धरणाऱ्याच्या हातांशींच राहतो.